ही असोसिएशन म्हणजे ज्येष्ठ नागरिक संघ नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परदेशातल्या म्हाताऱ्या आईवडिलांवर तुमच्या पुरवणीत लेख आला होता, त्यात असं होतं की अमेरिकेत लाँग टर्म केअरची (म्हणजे वृद्ध-आजारी माणसांच्या दीर्घकाळ देखभालीची) मोठी असोसिएशन आहे, तिच्या अध्यक्षपदी कायदा जाणणारा माणूस असतो, त्यामुळे वृद्धांची बाजू भक्कम आहे. वाचून हसू आलं आणि रागही आला. मी न्यू जर्सीत १९ वर्षं राहते, म्हणून लिहितेय.

असोसिएशन म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे बागेतला ज्येष्ठ नागरिक संघ येतो. अमेरिकन हेल्थ केअर असोसिएशन तशी नाही हो, ती नर्सिंग होम चालवणाऱ्यांची संघटना आहे (आणि इथलं नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचं छोटं हॉस्पिटल नव्हे, अंथरुणाला खिळलेली माणसं जिथे वर्षानुवर्षं राहतात ती जागा). मार्क पार्किन्सन २०११ पासून पुढे तेरा-चौदा वर्षं तिचे प्रमुख होते. वकील, कॅन्सस राज्याचे माजी गव्हर्नर, आणि त्याआधी बायकोबरोबर वृद्धांसाठी होम्स काढून चालवलेली, म्हणजे कायदा, सरकार आणि धंदा तिन्ही आतून बघितलेला माणूस. मालकांना याहून चांगला पुढारी कुठून मिळणार!

आता या वकिली डोक्याचा उपयोग कुठे झाला ते बघा. २०२४ मध्ये सरकारने नियम केला की दर रहिवाशामागे रोज ३.४८ तास नर्सिंगची माणसं हवीत, म्हणजे साधारण साडेतीन तास, आणि एक रजिस्टर्ड नर्स २४ तास हजर हवी. असोसिएशन म्हणाली माणसं मिळत नाहीत, मेडिकेडचे (गरिबांच्या उपचारांचा खर्च देणाऱ्या सरकारी योजनेचे) पैसे पुरत नाहीत, खेड्यातली होम्स बंद पडतील, आणि मे महिन्यात टेक्सासच्या फेडरल कोर्टात गेली. एप्रिल २०२५ मध्ये नियम रद्द झाला. मुद्दा असा की काँग्रेसच्या (म्हणजे इथल्या संसदेच्या) कायद्यात रजिस्टर्ड नर्स दिवसाला ८ तासच लिहिलीय, सरकारच्या आरोग्य खात्याला परस्पर २४ करता येत नाही. कायद्याने बरोबर असेलही, मला त्यातलं कळत नाही. मेडिकेड पैसे कमी देतं ही तक्रार पण खोटी नाही.

पण माझ्या सासूबाई खुबा मोडल्यावर सात आठवडे अशा एका होममध्ये होत्या, रात्री बेल दाबली की चाळीस-चाळीस मिनिटं कोणी यायचं नाही, कारण अख्ख्या मजल्यावर एकच एड (नर्सच्या हाताखालची मदतनीस), ती बिचारी या खोलीतून त्या खोलीत पळतेय, आणि सासूबाई मराठीत हाका मारतायत. तेव्हापासून मला ते साडेतीन तास नुसता आकडा वाटत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, पार्किन्सन यांनी आपल्या सभासदांचं काम चोख केलं, त्यांना दोष नाही, पण त्यांना वृद्धांचा वकील म्हणू नका. म्हाताऱ्या माणसाच्या बाजूने बोलायला इथे दर राज्यात लाँग टर्म केअर ओम्बुड्समन असतो, पैसे घेत नाही, त्याचा फोन नंबर होमच्या भिंतीवर लावलेला असतो. आम्हाला तो बोर्ड पाचव्या आठवड्यात दिसला, व्हेंडिंग मशीनच्या मागे. ज्यांचे आईवडील इकडे आहेत त्यांनी पहिल्याच दिवशी शोधा.

जमलं तर पुढच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती छापा.

आपली,
एक वाचक, न्यू जर्सी