आई, शनिवारची वेळ घेतली आहे

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आई, फोनवर तू "काही नाही गं, पित्त झालं असन" म्हणालीस. माळ्यावरची बरणी काढायला मान वर केलीस आणि घर गरगर फिरलं, हे बाबांनी सांगितलं. कुशीवर वळलीस की पलंगाची दांडी धरतेस, हेही. दिवाळीत आठ दिवस तुझ्याच शेजारी झोपले, तरी मला कळू नये!

न विचारता शनिवारची धरमपेठेत कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. विचारलं असतं तर "ऊन उतरू दे" म्हणाली असतीस. चार महिने मानेचा पट्टा लावलास, काय फरक पडला? शुक्रवारी सकाळी मी पोचतेच.

बहुतेक हे कानातलंच असावं. आतल्या कानात चुन्याचे बारीक कण असतात. ते सुटून तिथल्या वळणदार नळीत गेले की डोकं हलताच चक्कर येते. डॉक्टर मान 45 अंश वळवून तुला पटकन आडवं करतील आणि डोळे बघतील. गरगरेल, डोळे थरथरतील, पण मिनिटभरात थांबतं. डोळे मिटू नकोस, कोणता कान ते त्यांना त्यावरूनच कळतं. मानेचं दुखणं मात्र आधी सांगायचं. मग डोकं हळूहळू वळवत ते कण जागेवर नेतात. त्याला एपली म्हणतात. बऱ्याच जणांना एकदोनदा केल्यावर बरं वाटतं. गोळ्यांनी कण हलत नाहीत गं.

पाळण्यातून उतरल्यावर मला गरगरायचं, तेव्हा माझं डोकं पोटाशी धरून "एका जागी बघ" म्हणायचीस. शनिवारी मी तुझा हात धरून उभी राहीन.

पलंग खाली आणायला माणूस सांगितला आहे. माडी तुझीच आहे, बरं वाटलं की पुन्हा वर जा. खिडकीतून तुळस दिसेल, कूलरलाही नवी खस लावून घेतेय.

तोवर झटकन उठायचं नाही. आधी कुशीवर, मग पाय खाली, दोन मिनिटं बसायचं. रात्री दिवा लावूनच न्हाणीत जायचं. बाबा, तिचं बोलणं जड झालं, हातपाय लुळे पडले, दोन-दोन दिसायला लागलं किंवा उभंच राहता येईना, तर शनिवारची वाट पाहू नका, लगेच 108 ला फोन करा.

बरणी मी आल्यावर काढते. तोवर जुन्या लोणच्यावर भागवा.

तुमची,
छकुली