मंत्रिमहोदय, आधी पदक की आधी पिस्तूल?

मा. मंत्रिमहोदय, क्रीडा
(प्रत : अर्थ आणि गृह. तिन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणून एकच पत्र तिघांना.)

सादर नमस्कार.

आपण व्यग्र असता याची कल्पना आहे, तेव्हा प्रस्तावना टाळतो. मी एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. वय पन्नाशीकडे झुकलेलं. पिस्तुलाने कागदावरच्या काळ्या गोलात नेम धरणं हा माझा छंद. मला ऑलिंपिकला जायचं नाही, कुणाला धाक दाखवायचा नाही आणि भाच्याच्या वरातीत बारही काढायचे नाहीत. रविवारी सकाळी दोन तास श्वास आणि हात स्थिर ठेवून साठ छरे मारायचे आणि घरी यायचं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा.

या महत्त्वाकांक्षेचं काय होतं ते गेल्या आठवड्यात एका सरकारी खिडकीवर कळलं. पॉइंट टू-टूच्या, म्हणजे बारुदाची गोळी मारणाऱ्या लहान पिस्तुलासाठी परवान्याचा अर्ज घेऊन गेलो होतो. सोबत क्लबच्या सदस्यत्वाचा कागद, ओळखपत्र, फोटो, सगळं. खिडकीतल्या साहेबांनी वर न बघताच विचारलं, "धोका कुणापासून आहे?" म्हटलं, कुणापासूनच नाही, खेळायचंय. "मेडल आहे का?" नाही. "मग कशाला पाहिजे?" मागच्या रांगेत हशा पिकला आणि माझी फाइल खिडकीतून परत आली. आवक क्रमांकसुद्धा न पडता.

आपल्याला वाटेल, एका कारकुनाचा उद्धटपणा, त्यात मंत्र्यांनी काय करायचं? पण मला तो माणूस उद्धट वाटलाच नाही. तो व्यवस्थेचं खरं धोरण दोन वाक्यांत सांगत होता. जीवाला धोका असेल तर पिस्तूल, पदक असेल तर पिस्तूल. नुसतं खेळायचं असेल तर घरी जा.

१ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं. १९५२ च्या हेलसिंकीनंतर, म्हणजे खाशाबा जाधवांनंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. त्या महिन्यात गावोगावी फ्लेक्स लागले. आमच्याकडेही एका सत्काराच्या व्यासपीठावरून एका नेत्यांनी घोषणा केली, की क्रीडा संकुलात दहा मीटरची रेंज, म्हणजे नेमबाजीच्या सरावाची जागा होईल आणि नवख्यांना वापरायला पिस्तुलं संकुलच देईल. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. आज त्या हॉलला कुलूप आहे. खिडकीतून डोकावलं की रचून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या दिसतात.

संकुलाचं पिस्तूल मिळणार नाही, तर स्वतःचं घ्यायचं. स्वस्तातलं, पण शिकता येईल असं. हा प्रश्न आपल्याला कधी पडला नसेल, म्हणून जरा तपशिलात सांगतो. कंटाळा आला तर स्वीय सहायकांना वाचायला सांगा.

पॉइंट टू-टूचं काय होतं ते वर आलंच. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. एक लाखाच्या पिस्तुलावर चाळीस हजार तुमचे. या पंगतीला आमच्या शेजारी कोण बसलंय ते पाहा. कॅसिनो, घोड्यांच्या शर्यतीवरचा जुगार, हौसेच्या बोटी, खासगी विमानं. त्याच दिवशी बॅट, हॉकी स्टिक, कॅरम या खेळाच्या साहित्यावरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. आनंद आहे. पण ज्या खेळाने देशाला २००८ मध्ये पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण दिलं आणि पॅरिसच्या सहापैकी तीन पदकं दिली, त्याचं साधन तुमच्या यादीत विमानाशेजारी. हिशेब पटत नसेल तर आपल्याच खात्यातून तपासून घ्या. तिथे माणसं पुष्कळ आहेत.

राहिलं हवेचं पिस्तूल, म्हणजे एअर पिस्तूल. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअर (नळीचा व्यास ०.१७७ इंच) आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असेल तर परवाना लागत नाही. स्पर्धेच्या दहा मीटर पिस्तुलाचा छरा सहा-सात ज्यूलने निघतो, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याने. निदान इथे तरी सरकारने शहाणपणा दाखवला आहे, हे मान्य करायला माझी हरकत नाही. पण पाच टक्क्यांची मेहेरबानी याही पिस्तुलावर नाही. इथेही आम्ही शस्त्रधारीच.

यात सगळ्यांत स्वस्त ते स्प्रिंगचं. ते घेऊ नये. छरा नळीतून बाहेर पडायच्या आत आतला पिस्टन पुढे आपटतो आणि पिस्तूल हातात उडी मारतं. आपली चूक कुठली आणि यंत्राची कुठली हे नवख्याला कळतच नाही, आणि एकदा हाताला लागलेली खोड वर्षभर निघत नाही. दुसरं, कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्यावर चालणारं. बहुतेक पोलिसी पिस्तुलाची हुबेहूब नक्कल. दिसायला झोकदार, पण भराभर मारत गेलं की गॅस गार पडतो, दाब उतरतो आणि छरे खाली जायला लागतात. शिवाय गॅलरीत हातात धरलं तर शेजारी शंभर नंबरला फोन लावतात. माझ्या बाबतीत लावलाही. मी ड्राय फायर करत होतो, म्हणजे छऱ्याशिवाय नुसता ट्रिगरचा सराव. दोन हवालदार आले, पिस्तूल उलटसुलट करून पाहिलं, चहा घेतला आणि जाताना म्हणाले, "सर, दुसरा काहीतरी छंद बघा."

माझ्यासारख्याला खरं परवडतं आणि उपयोगी पडतं ते एका दट्ट्याचं पिस्तूल, सिंगल स्ट्रोक. प्रत्येक छऱ्याआधी बाजूची दांडी एकदा उघडून मिटायची, तेवढीच हवा आत भरते, दर वेळी तितकीच. सिलिंडर नाही, पंप नाही, मुदत नाही. साठ छऱ्यांत दंड भरून येतो खरा, पण नेम शिकायला याच्याइतकं प्रामाणिक यंत्र नाही. एके काळी ऑलिंपिकची पदकंही अशाच पिस्तुलांनी जिंकली आहेत. आता कारखान्यांनी मोहरा वळवला तो आधीच दाबून भरलेल्या हवेच्या पिस्तुलांकडे. २०० बार दाबाचं सिलिंडर, ट्रिगर लोण्यासारखा. स्टायर, मोरिनी, फाइनवेर्कबाऊ, वाल्टर, पार्डिनी ही नावं आमच्या जगात देवासारखी घेतात. किंमत दीड-दोन लाखांच्या घरात आणि वर. माझा पगार विचारू नका.

म्हणून जुनं घ्यायचं ठरवलं. जुन्यात पहिली बघायची ती सिलिंडरवर कोरलेली तारीख. स्पर्धेच्या नियमाने त्याचं आयुष्य दहा वर्षं. विकणारे पिस्तुलाचा फोटो सगळ्या बाजूंनी पाठवतात, फक्त ती बाजू सोडून. नवीन सिलिंडरची किंमत धरली की स्वस्त पिस्तूल स्वस्त राहत नाही. दुसरी गोष्ट ट्रिगर. दहा मीटरच्या स्पर्धेत तो किमान ५०० ग्रॅमचा, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारा हवा. वजन लटकवून तपासायचं, बोटाच्या अंदाजावर जायचं नाही. तिसरी आणि सगळ्यांत मोठी गोष्ट मूठ. लाकडी ग्रिप तळव्याला अशी बसली पाहिजे, की डोळे मिटून पिस्तूल उचललं आणि डोळे उघडले तर फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) मागच्या खाचेत सरळ उभी दिसावी. ती एक मिलिमीटर बाजूला गेली तर दहा मीटरवर छरा तीन सेंटिमीटर चुकतो. दहा गुणांचा गोल केवढा? साडेअकरा मिलिमीटर. म्हणजे मुठीतल्या केसाएवढ्या फरकाने दहाचा सात होतो. नाव आणि मॉडेल याच्यानंतर बघायचं असतं, पण हे सांगायला माणूस पाहिजे, रेंज पाहिजे, चार पिस्तुलं हातात धरून बघायची सोय पाहिजे. कुलूपबंद हॉलचा मुद्दा इथे येतो, साहेब. चपलासुद्धा आपण पायात घालून घेतो. पिस्तूल मात्र मोबाइलवरचा फोटो बघून, दीड महिन्याचा पगार आगाऊ पाठवून घ्यायचं.

त्यात मी डावखुरा. जुन्या बाजारात येणारी जवळपास सगळी पिस्तुलं उजव्या मुठीची. डावी ग्रिप वेगळी मागवायची म्हणजे पुन्हा परदेश, पुन्हा कर, पुन्हा महिने. शेवटी उजव्या मुठीचं घेतलं, शाळेच्या प्रयोगशाळेतली कानस आणली, सुताराकडची पुट्टी भरली आणि रात्री बसून मूठ घासत राहिलो. बायको म्हणाली, "एवढा वेळ स्वयंपाकघरातल्या कप्प्याला दिला असता तर दार लागलं असतं." तिचं बरोबर आहे. माझी बोटं सोलली, ग्रिप अजून अंगठ्यापाशी टोचते, आणि ज्या दिवशी टोचत नाही त्या दिवशी मी ५४० च्या आसपास जातो. सहाशेपैकी. हे सांगताना मला अभिमान वाटतो. खिडकीतल्या साहेबांना ते मेडल वाटणार नाही.

छऱ्यांचं तर बोलूच नका. आठवड्यातून तीनदा शंभर-शंभर मारले तर वर्षाचे पंधरा हजारांवर, म्हणजे पाचशेचे तीसेक डबे. चांगले डबे बाहेरून येतात. एका तारखेचा डबा आणि दुसऱ्या तारखेचा डबा नळीला सारखा मानवत नाही, म्हणून लोक एकदम पेटी उचलतात. मी दोन डबे घेतो आणि दुकानदाराकडून ऐकून घेतो.

आता परवान्याकडे परत. याच २०१६ च्या नियमांत लिहिलंय, की पोलिसांनी तीस दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्यानंतर साठ दिवसांत परवाना अधिकाऱ्याने निर्णय घ्यायचा. कागदावर तीन महिने. पण हे घड्याळ अर्ज घेतल्यावर चालू होतं ना? अर्जच खिडकीतून परत ढकलला तर घड्याळाला किल्लीच बसत नाही. केवढी हुशारी आहे ही! २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य माणसाची शस्त्रं तीनवरून दोनवर आणली. २०२० मध्ये खेळाडूंसाठी सवलत निघाली आणि नामवंत नेमबाजांना सूट दिलेल्या वर्गात बारापर्यंत शस्त्रं ठेवता येऊ लागली. त्यांना द्यायलाच हवीत, माझा काडीचा आक्षेप नाही. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत यांच्यासाठी मी कामावर दांडी मारून टीव्हीपुढे बसलेला माणूस आहे. पण बारापर्यंत पोहोचायला कधीतरी पहिलं घ्यावं लागतं की नाही? ते कुठून आणायचं? बापाने कर्ज काढायचं? खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला लोकांनी वर्गणी काढली होती. सत्तर वर्षांत तुम्ही त्यात एवढीच सुधारणा केलीत, की पदक आल्यावर फ्लेक्सवर स्वतःचा फोटो मोठा लावायला शिकलात.

आणि राज्यात पिस्तुलं कमी आहेत असं थोडंच आहे? २०२५ च्या सुरुवातीला बीडचे आकडे चव्हाट्यावर आले. एका जिल्ह्यात हजार-बाराशे परवाने! मग रद्द करण्याची धावपळ. त्यातले कितीजण रेंजवर कधी गेले होते? फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरला पोलीस ठाण्याच्या आत, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात गोळीबार झाला. आरोपी कोण, तर तेव्हाचे आमदार. त्यांना कुणी विचारलं होतं का, मेडल आहे का म्हणून? कमरेला पिस्तूल लावून लग्नात रील काढणाऱ्याची फाइल कशी सरकते आणि माझी का सरकत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. माझ्या फाइलमध्ये कागद पुरे होते. फोन कमी पडला.

तुम्ही म्हणाल, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. आहेच. म्हणूनच तर रेंज पाहिजे. नळी नेहमी टार्गेटकडे, बोट ट्रिगरबाहेर, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी आहे हे दाखवणारी रंगीत दोरी) लावल्याशिवाय टेबलावरून हात काढायचा नाही. रेंज ऑफिसरने "स्टॉप" म्हटलं की अर्ध्यात उचललेला हातही खाली येतो. पिस्तुलाची भीती आणि इज्जत दोन्ही शिकवणारी जिल्ह्यातली एकमेव जागा तुम्ही कुलूप लावून ठेवली आहे, आणि सुरक्षिततेचं भाषण आम्हाला.

तर मागण्या. तो हॉल उघडा. चार एअर पिस्तुलं घ्या, त्यातलं एक डाव्या मुठीचं. एका फ्लेक्स-मोहिमेच्या खर्चात होईल, असा माझा अंदाज. जीएसटी परिषदेत राज्याचा माणूस बसतो, त्याला सांगा की क्लबच्या दाखल्यावर घेतलेलं टार्गेट पिस्तूल हे खेळाचं साहित्य आहे, त्याला कॅसिनोच्या पंगतीतून उठवा. आणि प्रत्येक परवाना खिडकीवर लेखी आदेश लावा, की अर्ज नाकारायचा असेल तर आधी आवक क्रमांक द्या, मग कारणासह नाकारा. तोंडी हशावर नको.

हे पत्र मी टपालाने, ईमेलने आणि तुमच्या तक्रार पोर्टलवरही टाकलं आहे. पोर्टलवर "खेळ" आणि "शस्त्र परवाना" यांपैकी एकच विषय निवडता येत होता. मी "इतर" निवडला आहे, तेव्हा शोधताना तिथे बघा.

आपला,
एक विनापदक, डावखुरा नेमबाज