सुट्ट्या चोको चिप्सचं लेबल कुठे गेलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी डोंबिवलीत घरून केक करून देते. गेल्या महिन्यात समोरच्या इमारतीतल्या एक ताई आल्या. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीला सिलिअ‍ॅक आहे. गव्हातलं, जवातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीर आपल्याच लहान आतड्यावर उलटतं. उपाय एकच, जन्मभर पथ्य. ‘चॉकलेट केक करा, मैदा नको, जमलं तर कृत्रिम स्वादही नको,’ म्हणाल्या. ज्वारी आणि तांदळाचं पीठ घेतलं की झालं, असं मला वाटलं. कुठलं काय!

ताईंनी माझ्या फळीवरची एकेक वस्तू चष्मा लावून वाचली. साधी कोको पावडर पास झाली. ड्रिंकिंग चॉकलेटचा डबा बाद, कारण त्यात माल्ट, म्हणजे जव. बेकिंग पावडरीत स्टार्च होता, पण मक्याचा की गव्हाचा ते लिहिलेलंच नव्हतं. (जाता जाता बांधानी हिंगात गव्हाचं पीठ घालतात, हेही त्यांनीच सांगितलं. वीस वर्षं आमटीला फोडणी देतेय मी!) इसेन्सच्या बाटलीवर व्हॅनिलाचं फूल आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘सिंथेटिक’. व्हॅनिलाचा वास देणाऱ्या द्रव्याची, म्हणजे व्हॅनिलीनची, मला स्वतःला भीती नाही, १८७४ पासून ते प्रयोगशाळेत बनतंय आणि ग्लुटेनशी त्याचा काही संबंधही नाही. पण मग बाटलीवर फूल कशाला?

खरी अडचण चोको चिप्सची. केकचं सामान विकणाऱ्या दुकानातून आणलेली पाव किलोची पारदर्शक पिशवी, तोंडाला स्टेपलरची पिन, वर बॉलपेनने किंमत. बस्स. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन विचारलं, यात गहू आहे का? ‘शंभर टक्के व्हेज आहे, मॅडम!’ मूळ खोका दाखवा म्हटलं, तर तो भंगारात गेलेला. मग सीलबंद पाकीट घेतलं. त्यावर ‘कंटेन्स मिल्क, सोया, मे कंटेन व्हीट’. म्हणजे तेही त्या मुलीला चालणार नव्हतं, पण निदान कळलं तरी!

अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार ग्लुटेन असलेली धान्यं, दूध, सोया, शेंगदाणे वगैरे पाकिटावर वेगळे सांगावे लागतात, आणि घातलेला स्वाद कृत्रिम असेल तर तेही. किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असेल तर ‘ग्लुटेन फ्री’ म्हणता येत नाही. कंपनी हे सगळं खोक्यावर छापते. दुकानदार खोका फोडून आधीच पिशव्या भरून ठेवतो, तिथे ती माहिती गळून पडते. हिरवा ठिपका आपण दहा फुटांवरून ओळखतो. गव्हाला तसा ठिपका नाही, तो वाचूनच शोधावा लागतो.

अन्न व औषध प्रशासनाने या दुकानांत एकदा फेरी मारावी. दुकानदारांना माझी विनंती साधी आहे. मूळ लेबलची झेरॉक्स काढा आणि प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी टाका. दोन रुपये जास्त लावलेत तरी मी देईन.

ताईंच्या मुलीचा केक चोको चिप्सशिवायच केला. वर बदामाचे काप लावले, तेही घरी सोलून.

– एक वाचक, डोंबिवली