टाळ्या थांबल्यावर झेंडा कुठे जातो? : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : शाळांमधल्या जादूच्या प्रयोगांत राष्ट्रध्वजाचा मान राखण्याबाबत सूचना काढण्याची विनंती.

महोदय,
सादर नमस्कार.

मी शाळांमध्ये जादूचे प्रयोग करतो. जिल्हा परिषदेच्या शाळा, आश्रमशाळा, शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळा, जिथून बोलावणं येईल तिथे जातो. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आसपास आम्हा कलाकारांना भरपूर मागणी असते आणि त्या दिवसांत मुख्याध्यापकांची फर्माईशही ठरलेली असते : "सर, एखादी देशभक्तीपर जादू घ्या." म्हणजे काय, ते वेगळं सांगावं लागत नाही. केशरी, पांढरा आणि हिरवा असे तीन सुटे रेशमी रुमाल दाखवायचे, रिकाम्या नळीत नाहीतर पिशवीत घालायचे, मुलांकडून मंत्र म्हणवून घ्यायचा आणि आतून एकसंध तिरंगा काढायचा.

दुसरे कलाकार हा प्रयोग करत असताना मी मुलांच्या मागे उभा राहून तो पाहिलेला आहे. तिरंगा उलगडला की पहिली-दुसरीची मुलं कुणी न सांगता उठून उभी राहतात. काहींचा हात आपोआप कपाळाला जातो. मागच्या रांगेतून "भारत माता की" येतं आणि सगळं पटांगण "जय" म्हणतं. इथपर्यंत सगळं छान असतं. पण पुढचा आयटम सुरू करायचा तर जादूगाराला हात मोकळे हवेत. मग हातातल्या तिरंग्याचं काय होतं? कुणी तो खांद्यावर टाकतो. कुणी खुर्चीच्या पाठीवर टाकतो आणि त्याचं टोक जमिनीला टेकतं. बहुतेक जण आधीच्या रुमालांसारखाच त्याचा बोळा करून पेटीत कोंबतात. एका ठिकाणी तर त्याच तिरंग्याने पुढच्या प्रयोगाचा डबा झाकला गेला आणि मग त्याच्याच झोळीतून मुलांना चॉकलेटं वाटली गेली. पहिल्या रांगेतली एक मुलगी तोवर उभीच होती. डब्यावर झेंडा दिसतोय, मग बसायचं की नाही, हे तिला कळेना. शेवटी बाईंनी खूण करून तिला खाली बसवलं.

महोदय, त्या मुलीचं बरोबर होतं. झेंड्यासमोर उभं राहायला तिला शाळेनेच शिकवलं आणि शाळेच्याच कार्यक्रमात तिला उलटं वागायला सांगावं लागलं. ज्याने डबा झाकला त्या कलाकाराच्या मनात झेंड्याचा अपमान करायचा विचार नव्हता, याची मला खात्री आहे. त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. शाळेनेही सांगितलं नाही, कारण शाळेकडेही या बाबतीत लेखी काही नसतं.

नियम मात्र आहेत आणि ते बरेच स्पष्ट आहेत. राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंधक कायदा १९७१ सालचा आहे. राष्ट्रध्वज जाळणं, फाडणं, विद्रूप करणं, पायदळी तुडवणं याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. या कायद्यात २००३ मध्ये सुधारणा झाली आणि अवमान कशाकशाला म्हणायचं त्याची यादीच आली. झेंडा आच्छादन म्हणून वापरायचा नाही. त्यात काही घ्यायचं, द्यायचं किंवा वाहून न्यायचं नाही. अपवाद फक्त राष्ट्रीय सणाला फडकवण्याआधी आत ठेवलेल्या फुलांच्या पाकळ्यांचा. जाणूनबुजून जमिनीला लागू द्यायचा नाही. उशी, रुमाल, नॅपकिन यांवर छापायचा नाही. आणि "राष्ट्रध्वज" म्हणजे केवळ खादीचा प्रमाणित झेंडा नव्हे. कोणत्याही पदार्थावर काढलेलं त्याचं चित्र, त्याचा एखादा भागसुद्धा कायद्याच्या व्याख्येत बसतो. त्यामुळे "आमचा झेंडा काय खरा असतो, तो तर खेळातला," ही आमच्यातल्या काहींची समजूत टिकत नाही.

जादूच्या साहित्याच्या दुकानात मिळणारा रेशमी तिरंगा जवळून बघितला तर आणखी वाईट वाटतं. ध्वजसंहितेप्रमाणे, म्हणजे झेंडा कसा असावा आणि कसा वापरावा याच्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे, झेंड्याची लांबी आणि रुंदी तीनास दोन या प्रमाणात हवी. हा असतो चौरस, कारण नळीत आणि मुठीत चौरस रुमाल सोयीचा पडतो. अशोकचक्राच्या आऱ्या मोजायला गेलं तर चोवीस भरत नाहीत. कुठे चक्र लंबगोल, कुठे निळ्याचं काळं झालेलं. आपल्या नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतो. देशाच्या मानकांमधलं पहिलं मानक, आयएस १, राष्ट्रध्वजाचंच आहे. एकीकडे सूत, रंग, शिवण या सगळ्याची इतकी कसोशी, आणि दुसरीकडे मुलांना अगदी हाताच्या अंतरावरून जो झेंडा दिसतो तो असा.

आता एका प्रयोगाबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण तो बंदच व्हावा असं माझं मत आहे. कागदी झेंडा फाडायचा, तुकडे मुठीत धरायचे, फुंकर मारायची आणि अखंड झेंडा उघडून दाखवायचा. करणारे म्हणतात की शेवटी झेंडा जोडलेलाच असतो, एकतेचा संदेशच जातो. पण सहा-सात वर्षांचं मूल जादू बघून घरी गेलं की ती करून बघतं. त्यातला फाडण्याचा भाग त्याला जमतो, जोडण्याचा जमत नाही. आणि ज्या दिवशी प्रभातफेरीत मिळालेला कागदी झेंडा त्याच्या हातात असतो, नेमक्या त्याच दिवशी आपण त्याला हे दाखवतो. फाडून जोडायला वर्तमानपत्र आहे, पत्ते आहेत, रंगीत कागद आहेत. झेंडाच का हवा? झेंडा गायब करणं, पेटवून परत आणणं, हेही याच जातीचं. आमच्या कलेत शेकडो प्रयोग आहेत, हे दोन-चार सोडले तर तिचं काहीही अडत नाही.

दुसऱ्या देशांच्या झेंड्यांचाही विचार व्हायला हवा. टोपीतून किंवा नळकांड्यातून देशोदेशीच्या झेंड्यांची लांबलचक माळ काढणं हा जगभरातला जुना, लाडका प्रयोग आहे. विश्वबंधुत्वाच्या नावाने तो आपल्याकडेही होतो. पण आपली ध्वजसंहिता तिरंगा तोरणासारखा, पताकेसारखा वापरायला मनाई करते, म्हणजे त्या माळेत तिरंगा नको. बाकीच्या झेंड्यांची गंमत अशी की चौरस रुमालात बसवायला नेपाळचा दोन त्रिकोणांचा झेंडाही पांढऱ्या कापडावर छापून चौकोनी केलेला असतो. सौदी अरेबियाच्या झेंड्यावर कलमा, म्हणजे इस्लाममधलं श्रद्धेचं पवित्र वचन, लिहिलेला आहे. तो झेंडा बुटातून काढून दाखवला तर समोर बसलेल्या मुस्लिम मुलाला काय वाटेल, याचा विचार माळ विकत घेताना कुणी करत नाही. २००७ मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकी सैन्याने मुलांना वाटलेल्या फुटबॉलवर हाच झेंडा होता आणि त्यावरून लोक रस्त्यावर उतरले. खेळणी वाटणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता.

क्रिकेटचा सामना असला किंवा सीमेवर तणाव असला की आमच्याकडे आणखी एक फर्माईश येते : अमुक देशाचा झेंडा गायब करून दाखवा, पायाखाली घ्या, मुलं खूश होतील. मी ती कधीच स्वीकारत नाही. टाळ्या मिळतात हे खरं आहे. पण आपल्या झेंड्यापुढे ताठ उभं राहायचं आणि दुसऱ्याचा तुडवायचा, असं दोन्ही एकाच तासात शिकवलं तर मुलाच्या हाती झेंड्याबद्दलचा आदर उरत नाही, नुसती चढाओढ उरते. तिथल्या शाळेतही त्याच झेंड्यापुढे मुलं रांगेत उभी राहतात. हे आपल्या शाळांमधून शिकवायला कुणाची हरकत असू नये.

मग करायचं काय? मी जे करतो ते सांगतो. माझ्याकडे छापील तिरंगा नाही. तीन रंगांचे तीन सुटे रुमाल आहेत, साधे, एकरंगी. ते एकेक करून रिकाम्या हातातून काढतो, प्रत्येक रंगाबद्दल मुलांनाच बोलतं करतो. शेवटी तिघा मुलांना पुढे बोलावून एकेकाच्या हातात एकेक रुमाल देतो आणि विचारतो, "आता यात काय राहिलं?" पोरं ओरडतात, "चक्र!" मग म्हणतो, चक्र माझ्या पेटीत नाही, ते कुठे आहे बघा, आणि सगळ्यांना मागे वळून ध्वजस्तंभाकडे बघायला लावतो. प्रयोग हॉलमध्ये असेल तर शाळेचा झेंडा नीट घडी घालून दोन्ही तळहातांवर आणायला एखादी विद्यार्थिनी आधीच तयार असते. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडून, अशोकचक्र वर दिसेल अशी ती घडी असते. झेंडा येतो तेव्हा जादू थांबलेली असते. तो कशातून काढावा लागत नाही आणि नंतर कशात कोंबावा लागत नाही. टाळ्या तेवढ्याच पडतात.

आता माझी मागणी. दरवर्षी राष्ट्रीय सणांच्या आधी प्लास्टिकचे झेंडे वापरू नका, कागदी झेंडे रस्त्यावर पडू देऊ नका, अशी परिपत्रकं शासनाकडून निघतात. शाळांपर्यंत ती पोचतातही. त्यासोबत आपल्या विभागाने एक पानभर सूचना जोडावी : शाळेत कार्यक्रम करणाऱ्या जादूगार, नर्तक, नाट्यकलावंत यांनी झेंड्याबाबत काय करावं आणि काय करू नये. भाषा सोपी असावी, कलम क्रमांकांची नसावी. फाडणं, जाळणं, गायब करणं, झाकायला वापरणं, झेंड्यातून खाऊ काढणं, कमरेखाली नेसणं नको, हे एकेका ओळीत यावं. कार्यक्रम ठरवतानाच मुख्याध्यापकांनी हे पान कलाकाराच्या हाती द्यावं आणि कार्यक्रम संपल्यावर कागदी झेंडे गोळा करण्याची जबाबदारी एका शिक्षकावर असावी. खराब झालेला झेंडा खासगीत, मान राखून पूर्णपणे नष्ट करायचा असतो, हे ध्वजसंहितेत आहे. पण शाळेचा शिपाई तो कचऱ्याच्या डब्यात टाकतो, कारण त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं.

ध्वजसंहिता हा केंद्र सरकारचा विषय आहे, हे मला ठाऊक आहे. ती बदलायला मी सांगत नाही. जी आहे ती शाळेच्या स्टेजपर्यंत पोचवा, एवढंच मागतो.

आणि एक कळकळीची विनंती : यावर उपाय म्हणून शाळांमध्ये झेंड्याला हात लावायलाच बंदी, किंवा जादूच्या प्रयोगांनाच बंदी, असा फतवा कृपया काढू नका. एखादी चित्रफीत मोबाइलवर फिरते, कुणीतरी तक्रार करतं, गुन्हा दाखल होतो आणि मुख्याध्यापक घाबरून सगळंच बंद करतात. सामान्य नागरिकाला सन्मानाने झेंडा फडकवता यावा म्हणून लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि २००४ मध्ये तो मूलभूत अधिकार आहे असा निर्णय मिळाला. मुलांपासून झेंडा लांब ठेवणं हे त्याच्या नेमकं उलट होईल. जादूगार रघुवीरांच्या या महाराष्ट्रात जादूवर पोट असलेली घरं आहेत. पोलीस ठाण्यात समज देण्यापेक्षा आधी एक कागद हातात दिलेला बरा.

सूचनांचा मसुदा करताना कलाकारांचं मत हवं असेल तर मी आणि माझे सहकारी स्वखर्चाने यायला तयार आहोत. आपल्या अधिकाऱ्यांसमोर, हवं तर एखाद्या शाळेच्या मुलांसमोर, तीन रुमालांचा प्रयोग करून दाखवू. येत्या २६ जानेवारीच्या परिपत्रकासोबत हे पान जावं अशी अपेक्षा आहे. त्यासाठी डिसेंबर उजाडायच्या आत मसुदा तयार व्हायला हवा, कारण शाळांची गॅदरिंगं तेव्हाच सुरू होतात.

आपला,
शाळाशाळांतून जादूचे प्रयोग करणारा एक कलाकार