कपाट रिकामं करून दिल्याबद्दल

मॅडम,

स. न. वि. वि.

हे पत्र खासगीत पाठवलं असतं तर ‘अहो, त्यात काय एवढं’ म्हणत तुम्ही ते फाइलला लावून टाकलं असतं. म्हणून चारचौघांत लिहितोय. शिवाय थोडा स्वार्थही आहे. ज्या शाळेत असं एखादं कपाट अजून कुलपात पडून असेल, तिथल्या शिक्षकाच्या नजरेस हे पडावं.

आमच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं जुन्या प्राणी-नमुन्यांचं ते कपाट निर्लेखनाच्या, म्हणजे मोडीत काढायच्या वस्तूंच्या, यादीत गेलं होतं. खोली संगणकांसाठी हवी होती, तेव्हा ‘त्या सडक्या बरण्या’ टेम्पोत भरून टाकून द्या, असा वरून निरोप आला. मी इकडेतिकडे संग्रहालयांना विचारून पाहिलं. कुणी पत्राला उत्तर दिलं नाही, कुणी ‘जागा नाही’ म्हणून फोन ठेवला. तुमच्या संग्रहालयातून तुम्ही मात्र फोनवर पहिलाच प्रश्न विचारलात, “नोंदवही आहे का?” वस्तू किती आणि कोणत्या, हे नंतर. त्या वेळी मला ते जरा सरकारी वाटलं होतं.

मग तुम्ही स्वतः आलात. कपाट उघडल्यावर सगळ्यांचं लक्ष गेलं ते पेंढा भरलेल्या गव्हाणी घुबडाकडे. शाळेत ते सगळ्यांचं लाडकं; मुलांच्या कित्येक तुकड्यांनी त्याच्या छातीवरून हात फिरवला असेल. तुम्ही आधी हातमोजे चढवलेत आणि आम्हाला दोन पावलं मागे सरायला सांगितलंत. जुन्या पेंढा भरलेल्या पक्ष्यांत आणि प्राण्यांत आर्सेनिक आहे असं धरूनच चालायचं. अठराव्या शतकापासून विसाव्या शतकात बऱ्याच उशिरापर्यंत कातडीला आतून आर्सेनिकचा साबण चोळत, म्हणजे कीड लागत नाही. विष तिथून कुठे जात नाही, पिसांपर्यंत येऊन बसतं. घुबड पॉलिथिनमध्ये गेलं, वर ठळक अक्षरांत चिठ्ठी लागली. एवढंच सांगून तुम्ही परत गेला असतात, तरी हे पत्र लिहावं लागलं असतं.

बरण्यांचं प्रकरण मात्र लवकर आटोपलं. बहुतेकांतलं फॉर्मलिन, म्हणजे नमुने टिकवायचं द्रावण, उडून गेलं होतं. उरलेल्यांत ते आम्लधर्मी होऊन गोगलगाईंचे शंख आतल्या आत विरघळत होते. साप पांढराफटक. कोणती बरणी ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवण्याजोगी आहे, कोणती नाही, हे तुम्ही वास न घेता, नुसत्या झाकणांवरून सांगत होतात. जुनं फॉर्मलिन बेसिनमध्ये ओतायचं नाही, धोकादायक कचरा नेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच द्यायचं, हे तुम्ही आमच्या शिपाईमामांना दोनदा बजावलंत.

खरा वेळ गेला तो कीटकांच्या पेटीत. काचेखाली भुंगेरे ओळीने टोचलेले, प्रत्येकाखाली तपकिरी, मैद्यासारखी बारीक पूड. मला ती धूळ वाटली असती. तुम्ही भिंग लावून दाखवलंत: त्या पुडीत केसाळ अळीची टाकलेली कातडी होती, गव्हाच्या दाण्यापेक्षाही लहान. संग्रहालयांची ही जुनी वैरीण. भुंगेऱ्याचं बाहेरचं कवच शाबूत ठेवते आणि आतून त्याला पोकळ करून टाकते. पेटी जरा जोरात ठेवली की पाय गळून पडतात. पेटी पॉलिथिनमध्ये हवाबंद करून थेट फ्रीझरमध्ये. उणे ३० अंशांवर ३ दिवस. साधा, उणे १८ चा फ्रीझर असेल तर २ आठवडे. बाहेर काढल्यावरही पिशवी लगेच फोडायची नाही, आतलं सगळं खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, नाहीतर गार कीटकांवर दव धरतं. डांबरगोळ्या आम्ही इतकी वर्षं भक्तिभावाने टाकत आलो. त्या माणसालाच बाधतात, म्हणून आता टाळतात, हेही तेव्हाच कळलं.

मग तुम्ही चिमट्याने एका टाचणीवरचा भुंगेरा हळूच वर सरकवलात. खाली कागदाचा नखाएवढा कपटा होता, त्यावर शाईने एक क्रमांक. तो क्रमांक आमच्या जुन्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, सापडला. समोर ठिकाण, तारीख, कशावर सापडला, कोणी पकडला. कुण्या निवृत्त शिक्षकाने हे सगळं शिस्तीत लिहून ठेवलं होतं आणि आम्ही ते रजिस्टर फक्त ऑडिटच्या वेळी उघडत होतो. ‘नोंदवही आहे का’ हा प्रश्न किती मोलाचा होता, ते मला तेव्हा उमगलं.

त्या दिवशी तुम्ही सांगितलेला बहिरी ससाण्याच्या अंड्यांचा किस्सा मी आता दर वर्षी वर्गात सांगतो. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ या पक्षी-अभ्यासकाने जुन्या संग्रहांतली अंड्यांची कवचं मोजली आणि वजन केली. साधारण १९४७ पासून ती अचानक पातळ झाल्याचं १९६७ साली जाहीर केलं. बोट डीडीटी या कीटकनाशकाकडे वळलं. ती अंडी जमवणाऱ्यांच्या डोक्यात कीटकनाशक नव्हतंच. हौस होती, आणि अंड्यासोबत तारीख लिहायची सवय होती. तारखा नसत्या तर ती नुसती सुंदर कवचं राहिली असती. याची उलटी बाजू म्हणजे इंग्लंडमधल्या ट्रिंगची चोरी. २००९ साली तिथल्या संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरीला गेली. पुष्कळशी परत मिळाली, पण अनेकांच्या पायाला बांधलेली चिठ्ठी चोराने काढून टाकली होती. पक्षी परत आला, त्याची माहिती गेली ती गेलीच.

म्हणूनच तुम्ही आमच्याकडचं सगळं उचललं नाहीत, याबद्दल वेगळे आभार. नोंद जुळली तेवढंच घेतलंत. बाकीच्यातलं निर्धोक सामान मुलांना हाताळायला राहू दे म्हणालात, आणि काय नष्ट करायचं ते स्पष्ट लिहून दिलंत. मुख्याध्यापकांना ते लागलं. ‘देतोय ते घ्यायलाही नखरे’ असं काहीसं ते पुटपुटले. माझं मत वेगळं आहे. येईल ते पदरात घेणारं संग्रहालय काही वर्षांत गोदाम होतं, आणि गोदामातलं कुणी बघत नाही.

नंतर तुम्ही मला तुमच्या संग्रहालयात मागच्या दारानं आत नेलंत, ते तर कधी विसरणार नाही. लोक दालनं बघून घरी जातात. लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात जवळपास ८ कोटी नमुने आहेत, त्यातला किती थोडा भाग काचेपलीकडे दिसतो! खरा कारभार मागच्या खोल्यांत. खिडकीच्या कडेला चिकट सापळे, त्यांत कुठल्या आठवड्यात कोणता किडा अडकला याची वही. दुसऱ्या देशातल्या संशोधकाला उसने पाठवायचे नमुने, थर्माकोलच्या खाचेत एकेक बसवलेले. आणि त्या कोपऱ्यातल्या खोलीत, झाकणबंद टाकीत, हाडांवरचं मांस खाऊन सांगाडे लख्ख करणारे भुंगेरे. ते त्या पेटीतल्या वैरिणीच्याच कुळातले! घरातल्याच एकाला पगारी नोकरीत ठेवून दुसऱ्याला हाकलत राहायचं, हे राजकारण फक्त तुम्हा लोकांनाच जमावं.

अल्कोहोलच्या खोलीशी तुम्ही गंभीर झालात. दार आगरोधक, आत एकही उघडा प्लग नाही. २ सप्टेंबर २०१८ रोजी ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. सुमारे २ कोटी वस्तूंच्या संग्रहातला बहुतांश भाग गेला, आणि जवळच्या अग्निशमन नळांना पाणी नव्हतं. तुम्ही हे सांगत असतानाच भिंतीवरच्या अग्निशामकाची तारीख तपासलीत. नवीन दालनाला पैसे देणारे मिळतात, फीत कापायला पाहुणेही मिळतात. अग्निशामक भरून घ्यायला आणि दमटपणा मोजायचं यंत्र बदलायला कोण देणार, हे तुम्ही तक्रारीच्या सुरात म्हणाला नव्हतात. तक्रार मी करतो. द्यायला हवेत.

तुमच्यासोबत आलेल्या, सगळ्या पेट्या जिन्यावरून एकही धक्का न लावता उतरवणाऱ्या दोघा सहकाऱ्यांनाही माझा नमस्कार सांगा. सुट्टीतल्या कार्यशाळेत आमच्या मुलींना टाचणी भुंगेऱ्याच्या उजव्या पंखातूनच टोचायची, मधोमध नाही, हे ज्यांनी शिकवलं त्यांनाही. त्यातली एक आता रविवारी तुमच्याकडे चिठ्ठ्या लिहायला येते. तिचं अक्षर वर्गातल्या वहीत मात्र अजून तसंच आहे.

तुम्ही मागितलेली रजिस्टरची उरलेली पानं स्कॅन करून पाठवली आहेत. दोन ठिकाणी वाळवीने अर्धी ओळ खाल्ली आहे. तिथे काय असेल याचा अंदाज मी मुद्दाम भरलेला नाही, जागा कोरी सोडली आहे. त्या काळातल्या एका माजी विद्यार्थ्याचा पत्ता लागतोय. त्यांना आठवत असेल तर वेगळ्या कागदावर, त्यांच्या नावानिशी लिहून घेतो आणि पाठवतो.

आपला,
एक जीवशास्त्र शिक्षक