मशीन येऊ दे, पण आधी करार होऊ दे

बाळा,

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, तुझी मीटिंग होती म्हणून ठेवलास आणि मला सांगायचं होतं ते तसंच राहिलं, म्हणून सेकंड शिफ्टवरनं आल्यावर मोबाईलवर टाईप करत बसलोय, तुझी आई झोप म्हणतीय तरी. तू म्हणलास, पप्पा, युनियनच्या संपामुळंच मुंबईच्या गिरण्या बुडाल्या, आता तुम्ही शिरोलीत ओतकामाच्या कारखान्यात ऑटोमेशनला आडवं जाऊ नका, नाहीतर ऑर्डर दुसऱ्या फौंड्रीला जाईल. काळजीनं बोललास ते कळतंय मला. शिवाय तुझं कामच कंपन्यांत रोबोट बसवायचं, त्यामुळं तुला दोन्हीकडनं ओढल्यासारखं होत असणार. पण तू बोललास त्यातलं निम्मं खरं आहे आणि निम्मं कुणीतरी तुझ्या गळी उतरवलंय, तेवढं शांतपणे वाच.

पहिलं म्हणजे आम्ही मशीन नको म्हणलेलोच नाही. फेटलिंग, म्हणजे ओतलेलं कास्टिंग घासून साफ करायचं काम, तर आजच्या आज रोबोटला द्या, मी स्वतः पेढे वाटतो. कास्टिंगवरची राहिलेली वाळू आणि कडा घासायला ग्राइंडर धरून उभा असलेला माणूस तू बघितलायस, तोंडाला रुमाल, पापण्या पांढऱ्या झालेल्या, ती नुसती धूळ नसते रे, सिलिका असते, फुप्फुसात जाऊन बसते ती परत निघत नाही, सिलिकोसिसला औषध नाही. असल्या कामावर कुणाचं पोरगं जावं असं मला वाटत नाही, मग ते कोल्हापूरचं असूदे नाहीतर बिहारचं. तेव्हा तिथं तुझा रोबोट आला तर माझा सलाम आहे त्याला.

मोल्डिंगचं, म्हणजे लोखंड ओतायला वाळूचे साचे करायच्या कामाचं, वेगळं आहे. नवीन लाईन येणार ती तासाला शंभरावर मोल्ड काढणार म्हणे, हातानं बॉक्स भरणारा माणूस तिच्यापुढं टिकायचा नाही, हे आम्हाला पण दिसतंय की, आम्ही काय आंधळे नाही. पण बघ, वाळू बरोबर झाली का नाही हे आम्ही कसं बघतो, मुठीत घेऊन दाबायची, मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उठले पाहिजेत, मग तोच गोळा दोन हातांनी मोडायचा, कडा धारदार राहिल्या तर वाळू चांगली, भुगा झाला तर पाणी नाहीतर वाळू धरून ठेवणारी बेंटोनाइट माती कमी पडलीय, आणि हाताला चिकटली तर पाणी जास्त झालंय, असल्या मोल्डमध्ये लोखंड ओतलं की वाफ धरून कास्टिंगला आत पोकळ भोकं, ब्लो होल, पडणार. लॅबमध्ये मॉइश्चर मोजायचं मशीन आहे, रिपोर्ट पण येतो, पण पावसाळ्यात आपल्याकडं वाळूचं पाणी सकाळी एक आणि दुपारी एक असतंय आणि रिपोर्ट येईपर्यंत चाळीस बॉक्स भरून झालेले असतात. हे कळणारी माणसं लाईनवर ठेवली तर रिजेक्शन कमी येईल, त्यांना घरी पाठवलं तर आणखी सेन्सर घेत बसाल. तुमच्या लोकांच्या कोटेशनमध्ये कुठल्या पानावर असतंय हे, मला खरंच बघायचंय.

आता गिरण्यांचं. 18 जानेवारी 1982 ला युनियनचे पुढारी दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात आपल्या आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगडची किती माणसं होती, ती गावाला परत आली ती कायमचीच, काहींनी शेत केलं, काहींनी दुसऱ्याच्या बांधावर काम केलं. संप अधिकृतपणे कधी मागं घेतलाच नाही. हे सगळं खरं, आणि आमच्या कमिटीत तरण्या पोरांना मी हेच सांगतोय की संपात शिरायच्या आधी बाहेर यायचा रस्ता बघून ठेवा, आणि सगळं एका माणसाच्या शब्दावर सोडू नका. पण पुढचं ऐक. कामगार सामंतांच्या मागं का गेले, तर 1946 च्या कायद्यानं जी एकच युनियन मान्यताप्राप्त होती तिच्यावर त्यांचा विश्वास उडाला होता, आणि मालक म्हणायचे आम्ही बोलणार तर तिच्याशीच. म्हणजे ज्याच्याशी बोलायचं त्याच्या मागं माणसं नाहीत आणि ज्याच्या मागं माणसं आहेत त्याच्याशी बोलायचं नाही, मग भांडण मिटणार कसं? त्यात कितीतरी मालकांनी वर्षानुवर्षं जुन्याच मशिनरीवर नफा काढलेला, नवीन यंत्रात पैसा घातलेला नाही, कापड भिवंडी-इचलकरंजीच्या मागांवर निघायला लागलेलं, आणि पुढं 1991 च्या नियमांनी गिरण्यांच्या जमिनीचा व्यवहार मोकळा झाल्यावर तिथं टॉवर उभे राहिले. नुसता संपच कारण असता तर आपली शाहू मिल चालू असायला पाहिजे होती. राजर्षींनी 1906 ला उभी केली, मुंबईच्या संपाशी तिचा संबंध नाही, सरकारच्या महामंडळाकडं होती, ती पण बंदच पडली ना. भोंगा वाजायचा तेव्हा गावातली माणसं घड्याळ लावायची.

आणि तुला 1928 चा संप कुणी सांगितलाय का? नसणार. तो तुझ्याच विषयावरचा होता. मुंबईच्या गिरणी मालकांनी ठरवलं की विणकरानं दोन मागांऐवजी तीन माग बघायचे आणि सूतकताईवाल्यानं मशीनच्या एका बाजूऐवजी दोन्ही बाजू सांभाळायच्या. आज तुम्ही त्याला प्रॉडक्टिव्हिटी म्हणता, तेव्हा रॅशनलायझेशन म्हणायचे. एकाच्या अंगावर दीडपट-दुप्पट काम आणि शेजारचा घरी, एवढा सरळ हिशोब. दीड लाखाच्या आसपास माणसं एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बाहेर राहिली, त्यातनंच कम्युनिस्ट पुढारी डांगे वगैरेंची गिरणी कामगार युनियन उभी राहिली, शेवटी चौकशी कमिटी नेमायला लावली. म्हणजे शंभर वर्षं होत आली तरी भांडण तेच आहे, मशीननं जे वाचतंय ते कुणाच्या पदरात जाणार.

इचलकरंजीत 1904 ला विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग लावला, त्यानं हातमागवाल्यांच्या पोटावर पाय आला आणि त्याच यंत्रमागानं गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर केलं, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या. पण त्या मँचेस्टरात अजून बारा-बारा तासांच्या पाळ्या आहेत आणि पगार मीटरवर. मशीन आलं म्हणून कामगाराचं आपोआप भलं होतंय असं मला आपल्या जिल्ह्यात तरी दिसलेलं नाही, जिथं भलं झालं तिथं कुणीतरी बसून मालकाशी लिहून घेतलेलं होतं.

लिहून घेतलेलं म्हणजे कसं, तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांनी, हॅरी ब्रिजेस त्यांचा पुढारी, 1960 ला मालकांशी करारच केला की तुम्ही यंत्रं आणा, आम्ही अडवत नाही, पण असलेल्या कायम कामगारांना काढायचं नाही, लवकर निवृत्त होणाऱ्याला रक्कम द्यायची आणि त्यासाठी मालकांनी फंडात पैसे भरायचे. पुढं कंटेनर आले, माणसांची गरज एवढी कमी झाली की करार अपुरा पडला आणि 1971 ला त्यांना परत संप करायला लागला. करार पण जुना होतोय, दर काही वर्षांनी परत बसायलाच लागतंय, हे मी त्यातनं शिकलो. आणि 2024 च्या ऑक्टोबरात त्यांच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गोदीवाल्यांनी तीनच दिवस बंदरं बंद ठेवली, सहा वर्षांत 62 टक्के पगारवाढ कबूल करून घेतली, आणि ऑटोमेशनचा मुद्दा न सोडता पुढच्या जानेवारीत करार ठरवला. तीन दिवस! तयारी असली की एवढ्यात होतंय, तयारी नसली की वर्ष पण पुरत नाही.

तू म्हणशील ती अमेरिका. बरं, आपला कायदा घे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं आणि नवीन कामगार संहितेत पण ठेवलंय, की माणसं कमी होतील अशी सुधारणा प्लँटमध्ये करायची असली तर मालकानं 21 दिवस आधी नोटीस द्यायची. नुसती नोटीस, आमची परवानगी नाही लागत. पण तेवढीसुद्धा किती कंपन्या देतात? आमच्याकडं लाईनचं फाउंडेशन खोदायला सुरुवात झाली तेव्हा आम्हाला कळलं, जेसीबी आल्यावर. नवीन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्यात, त्यात संपाला 14 दिवसांची नोटीस सगळ्याच कारखान्यांना लागते, आधी ती सक्ती पाणी-वीज-रेल्वे असल्या सेवांनाच होती. माणसं कमी करायला सरकारची परवानगी आधी 100 किंवा जास्त कामगार असले की लागायची, आता 300 किंवा जास्त असले तर. आपल्या शिरोली, गोकुळ शिरगावमधल्या किती फौंड्र्यांत 300 कायम कामगार आहेत, तूच बघ. काढलेल्या माणसाला नवीन कौशल्य शिकायला मालक 15 दिवसांचा पगार फंडात भरणार. पन्नाशीच्या मोल्डरनं पंधरा दिवसांच्या पगारात काय शिकायचं बाळा, प्रोग्रॅमिंग?

सगळ्यात वाईट वाटतंय ते कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांचं. बिहार, ओडिशाकडनं आलेली, खोलीत सात-आठ जण राहणारी, भट्टीपुढं उभी राहणारी. आमच्यासाठी निदान नोटिशीचा कागद तरी आहे, त्यांना ठेकेदार संध्याकाळी सांगतो उद्या येऊ नको. आमच्यातले काही म्हणतात त्यांचं त्यांनी बघावं, ती आपली माणसं नव्हेत. मला हे अजिबात पटत नाही आणि मी मीटिंगमध्ये तोंडावर सांगितलंय. कॉम्रेड गोविंद पानसरे अण्णांची भाषणं बिंदू चौकात उभं राहून ऐकलेला माणूस मी, कायम आणि ठेक्याचा असा भेद केला की मालकाला आणखी काय पाहिजे? मागणीपत्रात त्यांचं कलम पहिल्या पानावर घ्या म्हणून मी अडून बसलोय.

आणि तुझं स्वतःचं काय? तू मागं सांगितलंस की मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचं, पीएलसीचं, प्रोग्रॅमिंग आता एआय निम्मं लिहून देतंय, तीन माणसांचं काम एकात होतंय. मग तुझ्या दोन मित्रांचं काय झालं ते तू सांगितलं नाहीस आणि मी पण विचारलं नाही. हॉलिवूडमधल्या लेखकांनी 2023 ला 148 दिवस संप केला आणि एआय कुठं वापरायचं, कुठं नाही हे करारात घालून घेतलं, तीही तुझ्यासारखी शिकलेली, खुर्चीवर बसून काम करणारीच माणसं. तुम्ही इंजिनियर लोक युनियन म्हणलं की नाक मुरडता, पण एचआरनं बोलावून राजीनामा लिहून दे म्हणलं तर तुझ्या शेजारी खुर्चीवर कोण बसणार आहे? मला रात्री हेच आठवतंय आणि झोप जाते.

तुला नोकरी सोड म्हणत नाही, काम चांगलं कर, मन लावून कर, मला अभिमान आहे तुझा. फक्त पुढच्या कस्टमरकडं लेआउट घेऊन जाशील तेव्हा एवढं विचार की इथल्या माणसांना 21 दिवसांची नोटीस दिली का, आणि लाईन चालवायला जुन्यातली किती जणं घेणार, त्यांचं ट्रेनिंग तुमच्या कोटेशनमध्ये टाकू का. विचारायला पैसे पडत नाहीत. साहेब नाही म्हणाला तर म्हणूदे, पण इंजिनियरनं विचारलं ही गोष्ट शॉपवर पोचतीयच.

अजून एक काम आहे. आमची मॅनेजमेंटशी बोलणी पुढच्या महिन्यात सुरू होणार, आणि लाईन आल्यावर तिच्यावर नेमकी कुठली कामं उरतात हे आमच्यातल्या एकालाही नीट माहीत नाही, मॅनेजमेंट जेवढं सांगेल तेवढंच. तू दुसऱ्या रविवारी ये, सकाळी युनियनच्या ऑफिसात तास-दोन तास बस, तुझ्या कंपनीचं काही गुपित सांगू नकोस, पण असली लाईन कशी चालते, तिला ऑपरेटर किती, मेंटेनन्सला कोण लागतं, सँड प्लँटला कोण लागतं, आयटीआय झालेल्या पोराला काय शिकायला लागेल आणि माझ्यासारख्याला काय, एवढं फळ्यावर काढून दाखव. ठेक्यावरची पोरं पण येणारायत, त्यांच्यासाठी हिंदीत सांगायला लागेल. शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघालास तर पहाटे पोचतोस, मी स्टँडवर येतो घ्यायला.

तुझा
पप्पा