पदाचं नाव आणि काम

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू नवं पद सांगितलंस, ‘सीनियर सोल्यूशन्स आर्किटेक्ट’. नोकरीला लागून तुला दोनच वर्षं झालीत. तुझ्या आवाजातला आनंद ऐकून बरं वाटलं. मग मी विचारलं, आता नेमकं काय करायचं? तू म्हणालीस, ‘एंड-टू-एंड ओनरशिप, बाबा.’ ते उत्तर रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्राचा सर्वांत जवळचा रस्ता शोधायचा अल्गोरिदम तू शिकलीस. १९५७ साली त्याचं लग्न झालं तेव्हा नोंदणीत व्यवसाय लिहावा लागे. त्याने ‘प्रोग्रामर’ सांगितलं. असा व्यवसायच नाही म्हणून अधिकाऱ्यांनी ते नाकारलं, आणि दाखल्यावर ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ लागलं. किती वजनदार बिरुद! तरी त्याला हवा होता तो साधाच शब्द, कारण तो रोज तेच काम करत होता. १९७२ चा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वांत मोठा मान, घेताना त्याने हा किस्सा सांगितला, आणि प्रोग्रामरने नम्र राहावं असं कळकळीने मांडलं. ‘निन्जा’, ‘रॉकस्टार’ अशी पदं वाचली की मला तो दाखला आठवतो.

नवा शब्द वाईटच असतो असं नाही हं. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरने १९९२ मध्ये पहिल्या फेरीत लिहून तसाच पुढे पाठवलेल्या कोडला कर्जाची उपमा दिली. वेळेवर फेडलं तर ठीक, नाहीतर व्याज चढत जातं. त्यातून ‘टेक्निकल डेट’, म्हणजे तांत्रिक कर्ज, हा शब्द रुजला. हिशेबाच्या माणसालाही तो लगेच पटतो, कारण त्यात न दिसणारी गोष्ट दिसते.

आता माझी गोष्ट सांगतो. पैसे भरण्याच्या एका प्रणालीचा आराखडा मी फळ्यावर काढला होता आणि मधल्या चौकटीत ‘फॉल्ट टॉलरंट’, म्हणजे बिघाड झाला तरी नीट चालणारं, असं लिहिलं होतं. सगळे माना डोलवत होते. नुकतीच आलेली एक टेस्टर म्हणाली, “पैसे कापले गेले आणि उत्तर यायच्या आत कनेक्शन तुटलं. ग्राहकाने पुन्हा बटण दाबलं. दोनदा कापले जातील?” खोलीत कुणी बोलेना. मी तर बोलूच शकत नव्हतो, कारण जातीलच हे मला त्या क्षणी कळलं. प्रत्येक मागणीला वेगळा क्रमांक द्यायचा, तोच क्रमांक परत आला तर नवा व्यवहार करायचा नाही, जुनंच उत्तर द्यायचं, एवढं साधं काम राहून गेलं होतं. तो शब्द लिहिला आणि काम झालं असं मी धरून चाललो होतो. त्या दिवशी मी डस्टर घेऊन चौकट पुसली आणि त्या जागी तिचा प्रश्न लिहिला.

पद घे, पगार घे, तो तुझ्या कष्टाचा आहे. पण ‘ओनरशिप’ म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही. पुढच्या फोनवर एवढंच सांग: रात्री दोन वाजता काय बंद पडलं तर तुला उठवतात, आणि उठल्यावर तू सर्वांत आधी काय उघडून बघतेस?

तुझा,
बाबा